पुठ्ठ्यावरचं झाड

४ मार्च, मंगळवार

तक्ता कोरा! कोरा करकरीत ठेवून आले मी!

आज विज्ञानाचं प्रात्यक्षिक होतं. सगळे म्हणत होते, प्रात्यक्षिक म्हणजे फुकटचे मार्क. आणि माझ्या वाट्याला आलं काय, तर भिंग! बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढा. चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काचा घासणाऱ्या बाईला भिंग! मनात म्हटलं, नशीब फळफळलं.

टेबलावर भिंग, उभा केलेला एक पांढरा पुठ्ठा आणि मोजपट्टी. मी भिंग उचललं, बोटांत फिरवलं, खिडकीच्या गजासमोर धरून जरा हलवलं – दुकानात जुन्या चष्म्याच्या नंबराचा अंदाज घेतो तसं – आणि उत्तराच्या चौकटीत लिहून मोकळी झाले. अधिक पाच नंबर, म्हणजे वीस सेंटिमीटर. बाकीच्यांची मोजपट्टी अजून सरळ व्हायची होती. मी तर ऐटीत इकडेतिकडे बघून घेतलं.

मग म्हटलं, आता तक्ता भरू. तीनदा मोजायचं, तीन ओळी भरायच्या, संपलं. पुठ्ठा भिंगामागे धरला, थोडा मागे, थोडा पुढे –

आणि पुठ्ठ्यावर झाड आलं.

कसं लिहू? शाळेच्या पटांगणातलं झाड. उलटं! शेंडा खाली, बुंधा वर. पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण पूर्ण, रंगासकट. बाहेर होतं त्याहून हिरवं. आणि पानं हलत होती! एक माणूस सायकल ढकलत गेला, डोकं खाली, चाकं वर, आणि पडला नाही. मी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं – तोच माणूस, सरळ. परत पुठ्ठ्यावर पाहिलं – उलटा. कुणी पेटी उघडून आत बघू देत असावं तसं वाटलं. मी हसत होते की काय कुणास ठाऊक, शेजारचा माझ्याकडे बघत होता.

'प्रतिमा वास्तव, उलटी व लहान असते.' हे वाक्य मी कपडे वाळत घालताना पाठ केलंय, बसमध्ये पाठ केलंय. वास्तव, उलटी, लहान. पण पानं हलतात हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही!

घंटा झाली तेव्हा मी त्या झाडातच होते. परीक्षक बाई – दुसऱ्या शाळेतून आलेल्या, पातळ फ्रेमचा चष्मा – माझ्या टेबलाशी उभ्या.

"तक्ता?"

"उत्तर लिहिलंय, बाई."

"ते दिसतंय. मोजलंत कधी?"

"हाताला कळतं आमच्या."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "उत्तर बरोबर की चूक, ते नंतर. आधी मोजलंत का, ते बघायचं असतं." आणि कागद घेऊन गेल्या.

आणि डोळे मिटले की झाड!

६ मार्च, गुरुवार

आज जरा डोकं ठिकाणावर आहे. सरळ लिहिते.

एवढं काय अडलंय या परीक्षेवाचून? अडलंय. ऑगस्टात मला चाळीस पूर्ण होतात. डोळे तपासायचा जो दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला शालान्त पास लागतं आणि वय चाळीसच्या आत. मालकांना आता दिवसभर बसवत नाही. आतली खोली – जिथे ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून समोरची अक्षरं वाचायला लावतात – तिथे त्यांच्यानंतर कोण? "तू कोर्स कर, खोली तुझी," असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मी नाही केला तर बाहेरून कुणीतरी येईल आणि मी मागे यंत्रावर काचा घासत राहीन, पाण्यात बोटं भिजवत. काम वाईट नाही. पण मला ती खोली हवी आहे. हवीच आहे! लिहून टाकलं एकदाचं.

म्हणजे हीच खेप. पुढच्या वर्षी मी पहिली आले तरी उपयोग शून्य.

आणि विज्ञान सक्तीचं. लेखी वेगळं, प्रात्यक्षिक वेगळं, दोन्हींत पास व्हावं लागतं. तक्ता कोरा म्हणजे प्रात्यक्षिक गेलं. प्रात्यक्षिक गेलं म्हणजे विज्ञान गेलं. आणि एक सक्तीचा विषय गेला की – सगळीच परीक्षा गेली?

आईला विचारण्यात अर्थ नाही. ती काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. "माझं एक गणित गेलं आणि सगळं गेलं." मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत असेन हे. सोळा वर्षांची होती ती. बाकी सगळ्यात पास, गणितात नापास. आजोबा म्हणाले, नापास ती नापास. पुढच्याच आठवड्यात लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली, ती गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा बसली. घरात काहीही ठरवायचं असो – पडद्याचा रंग, माझं लग्न – "मला काय विचारता, मी नापास बाई." हसत म्हणते. आम्हीही हसतो. सवयीचं झालंय.

मी तर त्या धास्तीने शाळेत असताना शेवटच्या परीक्षेला बसलेच नाही. बसलंच नाही तर नापास कसं होणार! केवढी हुशार मी.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी परीक्षेच्या तयारीच्या वर्गाला गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, खालून पंपाचा फुसफुस आवाज. आम्ही सगळे कामधंद्याची माणसं, आणि सर निवृत्त. जीव तोडून शिकवतात, पण सामान नाही एक. सगळे प्रयोग फळ्यावर झाले. भिंग म्हणजे फळ्यावर दोन कंस, प्रकाश म्हणजे खडूच्या रेघा. मला खडूच्या रेघाच खऱ्या वाटायला लागल्या होत्या.

सरांना घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "तुला आणि भिंगात घोळ?"

मागच्या बाकावरची केकवाली – बेकरीत केकवर नक्षी काढते, सगळे तिला केकवालीच म्हणतात – म्हणाली, "त्याच टेबलावर माझा नंबर होता गं, तुझ्या आधीच्या तुकडीत. पंचवीस सेंटिमीटर आलं माझं. तिन्ही वेळा."

पंचवीस! म्हणजे शंभर भागिले पंचवीस, अधिक चार नंबर. अधिक पाच असतं तर वीस यायला हवं होतं.

चुकलं! तक्ता कोरा तो कोरा, वर उत्तरही चूक! जुनी जाडजूड काच होती, वजनाला हात फसला. "हाताला कळतं आमच्या" म्हणे! भ्रमाचा भोपळा फुटला तो असा, भर वर्गात. केकवाली बिचारी ओशाळली. मी मात्र हसत सुटले. काय करणार?

मग सरांना विचारलं, सर, ते झाड उलटंच का? त्यांनी परत दोन कंस काढले आणि शेंड्याकडून येणारी रेघ खाली नेली, बुंध्याकडून येणारी वर. भिंगातून जाताना एकमेकींना ओलांडतात. ही आकृती मी वहीत निदान दहा वेळा काढली असेल. आज पहिल्यांदा दिसली. आणि सर जाता जाता म्हणाले, "तुझ्या डोळ्यात हेच होतं की. बाहुलीमागे भिंग आहे, त्याच्यामागे पडदा. सगळं जग उलटं पडतं तिथे. मेंदू सरळ करून घेतो."

मी जिना उतरले तो भिंतीला धरून. सायकलवाला म्हणाला, ताई, चक्कर आली का? आलीच होती.

८ मार्च, शनिवार

दुकानात आज कामात लक्ष नाही. समोर येईल त्याच्या डोळ्यात बघतेय. हा माणूस फ्रेम निवडतोय, आणि आत दोन इवल्या पडद्यांवर मी उलटी! मालकांच्या डोळ्यात मी उलटी, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात रस्ता उलटा. आणि कुणी म्हणून धडपडत नाही! एकोणीस वर्षं मी या डोळ्यांसाठी काचा कापतेय. काचेवर मेणाच्या पेन्सिलीने मधोमध खूण करते, ती खूण बाहुलीसमोर यावी म्हणून आटापिटा करते. बाहुलीच्या मागे काय चाललंय, हे कधी मनातही आलं नाही.

मालकांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं का हे? म्हणाले, "माहीत होतं गं. विसरलो होतो." मग बराच वेळ काउंटरवर बोटं वाजवत रस्त्याकडे बघत बसले.

त्यांना तक्त्याचं सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

९ मार्च, रविवार

आज आईला दाखवलं!

दुकानातून एक टवका उडालेलं भिंग मागून आणलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली, बाकी दिवे बंद, दार लोटलेलं. आई तिच्या खुर्चीत. खिडकीकडे पाठ करून बसवलं, तिच्या खांद्याशेजारी भिंग धरलं आणि समोर बुटाच्या खोक्याचं पांढरं झाकण.

समोरची इमारत आली. उलटी. चौथ्या मजल्यावर कुणाची तरी लाल चादर वाळत होती, ती वाऱ्याने वर उडत होती – खाली लोंबायची ती वर! खालच्या मजल्यावरच्या बाई, म्हणजे आता वरच्या, गॅलरी झाडत होत्या.

आई डोळे बारीक करून झाकणाकडे बघत होती. मला वाटलं दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. मग तिने हळूच बोट पुढे केलं आणि त्या चादरीवर ठेवलं. चादर तिच्या बोटावर हलायला लागली. तिने बोट मागे घेतलं, बघितलं, परत ठेवलं.

"हे रोज असतं इथे?"

"असतंच की. भिंग धरलं की दिसतं."

"आणि मी एवढी वर्षं या खिडकीत बसतेय!"

हे मागून येऊन उभे राहिले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तारा नि दोरखंड सोडून कशाचं कौतुक नाही. तेही म्हणाले, "अरे वा!" ह्यांच्या तोंडून 'अरे वा' म्हणजे काय ते मलाच माहीत.

डोळ्याचंही सांगितलं आईला – आत सगळं उलटं पडतं आणि मेंदू सरळ करतो. तर म्हणते, "माझा मेंदू करतो?" म्हटलं, सगळ्यांचाच करतो. म्हणाली, "मग निदान त्यात तरी मी पास!"

भिंग तिने परत दिलं नाही. पदराला पुसून खिडकीत ठेवून दिलंय.

१९ मार्च, बुधवार

विज्ञानाची लेखी झाली. भिंगाची आकृती आली होती! मी दोन कंस काढले, रेघा काढल्या, आणि बाण काढायच्या जागी झाड काढलं. पानांसकट. परिणाम – शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. मला शहाणपण कधी येणार?

२४ मार्च, सोमवार

संपली परीक्षा. गणित सोपं गेलं. घरी येऊन झोपले.

५ एप्रिल, शनिवार

मालकांना सांगितलं शेवटी. काच यंत्रावर लावली होती, पाण्याची धार चालू, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. म्हणाले, "एका विषयात गेलीस तर काय झालं? बेरीज बघतात. बाकीच्यात चांगले असले की ओढून नेतात." मला जरा बरं वाटलं. मग म्हणाले, "आमच्या वेळी तरी असंच होतं... असावं." झालं! परत आशेवर पाणी.

सरांना विचारलं. सर म्हणतात, सक्तीचा विषय सक्तीचाच, बेरजेचा संबंध नाही. वाढीव मार्क देतात, पण किती आणि कुणाला, ते दरवर्षी बदलतं.

केकवाली म्हणते तिच्या जावेचा भाऊ एका विषयात गेला तर त्याला सगळे विषय पुन्हा द्यावे लागले. ह्यांना विचारलं. म्हणाले, "लिफ्टचं एक बटण बिघडलं म्हणून मी अख्खी लिफ्ट फेकत नाही." म्हटलं, अहो, परीक्षा तुम्ही घेत नाही ना!

चार माणसं, चार उत्तरं. प्रत्येकाच्या उत्तरावर मी एक दिवस जगते.

१२ एप्रिल, शनिवार

आई रोज दुपारी भिंग धरून बसते. खोक्याचं झाकण तिने खुर्चीच्या हाताला बांधून घेतलंय. आज म्हणाली, "तुझ्या त्या खालच्या बाईंच्या मांजराला पिल्लं झाली." खिडकीतून साधं वाकूनही दिसतात ती. पण नाही! उलटी बघते आणि बातमी सरळ सांगते.

आज एक विचारलं तिने. दूरची इमारत आणि जवळची कुंडी, दोन्ही एकदम स्पष्ट का येत नाहीत? कुंडीसाठी झाकण मागे का न्यावं लागतं? सूत्र आहे त्याला, पुस्तकात. मला ते पाठ आहे, पण सांगायला गेले तर जीभ अडखळली. "गणित आहे का त्यात?" म्हणाली. म्हटलं, आहे. "मग राहू दे," म्हणाली, आणि झाकण मागे सरकवलं.

ही बाई शाळेत काय झाली असती! एकदम वाटलं मला आणि वाईटही वाटलं. सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

काही नाही. वाट बघणं चालू. कोर्सचा अर्ज भरायची मुदत मे अखेर. अर्ज आणून ठेवलाय. शालान्त परीक्षेचा रकाना सोडून सगळा भरून झालाय.

१४ मे, बुधवार

निकाल लागला. मोबाइलवर.

भाषा पास. गणित पास, तेही चांगल्या मार्कांनी! समाजशास्त्र पास. विज्ञान लेखी पास. प्रात्यक्षिक – आकडा बघून कानशिलं तापली. आणि विज्ञानाच्या पुढे एक तारा. चांदणीसारखा, छोटासा. खाली एकूण निकालाच्या जागी काहीच नाही, परत तोच तारा.

तारा म्हणजे काय? ह्यांनी चष्मा लावून बघितलं. "तारा आहे म्हणजे चांगलंच असणार की! वाईटाला कुणी तारा देतं का?" हसू आलं आणि रडूही. वर्गातल्या ग्रुपवर विचारलं, सगळ्यांनी एका सुरात – नापास. सरांचा फोन लागेना. केकवाली पास! तिने आवाज बारीक करून सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. गुणी आहे पोरगी.

आई खुर्चीतून बघत होती. मी म्हटलं, "आई, एक विषय गेला." ती तिचं नेहमीचं वाक्य म्हणेल म्हणून वाट बघत होते. म्हणाली नाही. तिचं तोंड असं झालं होतं की मीच उठून पाणी प्यायला गेले.

१५ मे, गुरुवार

दुकानात गेले नाही. अर्जाचा कागद चुरगळला, परत सरळ केला.

हे जाताना म्हणाले, "सगळ्या गावाला विचारून झालं. परीक्षा घेतात त्यांना विचारलंस का?"

नाही विचारलं! एकदाही नाही! परीक्षा मंडळाची इमारत बसने तिसऱ्या थांब्यावर आहे, मी रोज तिच्यासमोरून जाते. तिथे विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात निकाल ऐकायचा असतो. त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

उद्या जाते.

१६ मे, शुक्रवार

आईही आली. "गुडघे?" म्हटलं. "येतील माझ्याबरोबर," म्हणाली. चांगली साडी नेसली, केस विंचरले, जणू तिचाच निकाल आहे.

आत मोठा दालनासारखा हॉल, उंच छत, एका भिंतीला ओळीने खिडक्या. आमच्या खिडकीत एक जाड काचांच्या चष्म्याच्या बाई. उणे सात तरी असेल – गप्प बैस, म्हटलं स्वतःला, मोजल्याशिवाय बोलायचं नाही!

मोबाइल आत सरकवला. त्यांनी बघितलं. मी विचारलं, "बाई, एक सक्तीचा विषय गेला की सगळी परीक्षा गेली का?"

"छे!" इतक्या सहज म्हणाल्या. "हा तारा म्हणजे एक विषय बाकी. बाकीचे पास झालेत ना? पास झालेला विषय पासच. तो कुणी काढून घेत नाही. तुम्ही जुलैत येऊन प्रात्यक्षिक तेवढं द्या. पास झालात की पूर्ण प्रमाणपत्र."

"फक्त तेवढंच?"

"तेवढंच. आणि या वेळी तक्ता भरा," म्हणाल्या. मार्कांवरून कळलं असणार त्यांना!

तिथूनच कोर्सवाल्यांना फोन लावला. अर्ज आत्ता द्या, वय अर्जाच्या दिवशीचं धरतो, प्रमाणपत्र सप्टेंबरपर्यंत चालेल. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते आज कळलं. खिडकीतल्या बाईंचे हात हातात घ्यावेसे वाटत होते, पण मध्ये काच.

मी वळले, तर आई जागची हलली नव्हती. ती काचेला नाक लावून उभी.

"हा नियम नवीन आहे का हो?"

"नवीन? मी इथे लागले तेव्हाही होता, आजी. माझे आधीचे साहेब होते, त्यांच्या वेळेलाही. जुनाच आहे हा."

"म्हणजे माझ्या वेळी होता."

"असणारच."

आई "बरं" म्हणाली. आभार मानले. मागच्या माणसाला वाट करून दिली. बाहेर येऊन पायरीवर बसली.

मी शेजारी बसले. माझ्या डोक्यात तर आजोबांना चार शब्द सुनावणं चाललं होतं. ते जाऊन कैक वर्षं झाली. एक माणूस, एकदा, या खिडकीपर्यंत आला असता तर! बसने तिसरा थांबा! घरात एवढी माणसं होती, आणि शाळेतलेही कुणी बोलले नाहीत. ती लॉन्ड्रीत उभी राहिली, वाफेत, आणि जन्मभर लोकांना सांगत राहिली की मी नापास. आणि तिचे सगळे पास झालेले विषय इथे, या इमारतीत, होते तसे बसून होते.

रागाने मला रडू फुटलं. भर रस्त्यावर. आईने माझी पाठ थोपटली – तिने माझी! मग समोर बघत म्हणाली, "होतंच की गं इथे. कुणी भिंग धरलं नाही एवढंच."

कशाची बनलीय ही?

१९ मे, सोमवार

कोर्सचा अर्ज दिला! परीक्षेच्या रकान्यात लिहिलं – एक विषय बाकी. मालकांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा केला. अजून कशात काही नाही म्हटलं तरी ऐकेनात. आतल्या खोलीतली खुर्ची मला बसून बघायला लावली. बसले. समोर अक्षरांचा फळा. सगळ्यात खालची ओळ मला दिसत नाही! माझाच नंबर वाढलाय. मालक पोट धरधरून हसले.

२३ मे, शुक्रवार

आई गप्प आहे. जेवते, झोपते, पण गप्प. भिंग खिडकीत पडून आहे, आठवडाभरात तिने हात लावलेला नाही. मला काळजी वाटायला लागलीय. त्या दिवशी तिला नेलं नसतं तर बरं झालं असतं का? हे म्हणतात, वेळ लागतो. लिफ्ट अडकली की आतला माणूस दार उघडल्यावरही लगेच बाहेर येत नाही म्हणे.

एक मात्र झालं. सकाळी पडद्याचं कापड घ्यायचं होतं. मी सवयीने विचारलं, आई, निळं की पिवळं? आणि सवयीने पुढचं ऐकायची वाट बघितली.

"निळं," म्हणाली. "पिवळं उन्हात विटतं."

ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. ती आपली कपाची दांडी पुसत होती.

२७ मे, मंगळवार

दुकानातून आले तर घराला कुलूप. आई कुठे? शेजारी विचारलं, कुणाला माहीत नाही. तोंडचं पाणी पळालं माझं. तेवढ्यात जिन्यातून आली, कठडा धरून, एकेक पायरी चढत, चांगली साडी, केस विंचरलेले.

मंडळाच्या त्या खिडकीवर गेली होती! एकटी, बसने! सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचा क्रमांक अजून पाठ होता तिला. त्या बाई आत गेल्या, खूप वेळ आल्या नाहीत, आणि आल्या त्या हसत आल्या.

तिचं गणित तेवढं बाकी. जुलैत. माझ्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी.

चप्पल काढली, खुर्चीत बसली, भिंग पुसून माझ्यासमोर ठेवलं. "हे तू घे, तुला मोजायला लागेल. आणि मला ते कुंडीचं सूत्र सांग आता. अगदी पहिल्यापासून."